सूर्यास्तानंतरची शिल्लक

मेहसाणा स्थानकाबाहेर पडून पश्चिमेची वाट धरली की सुमारे पंचवीस किलोमीटरवर मोढेरा येते. वाट सपाट आहे. डोंगर नाही, घाट नाही. हिवाळ्याच्या दिवसांत दोन्ही बाजूंना एरंडी, मोहरी आणि जिऱ्याची शेते दिसतात. ज्या ऊंझ्याच्या बाजारात ठरलेला जिऱ्याचा भाव महाराष्ट्रातील किराणा व्यापारी रोज विचारतो, ते ऊंझाही याच जिल्ह्यातले. उत्तर गुजरातची ही भूमी व्यापाऱ्याला परकी वाटत नाही. शंखेश्वर, तारंगा, पाटण या यात्रांच्या निमित्ताने अनेक कुटुंबांचे पाय या प्रदेशाला लागलेले असतात. मोढेरा मात्र बहुधा वाटेत तासाभराचा थांबा म्हणूनच घडते. सूर्यमंदिर पाहिले, कुंडाच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढले आणि गाडी पुढे निघाली.

या गावाला एका तासाऐवजी एक पूर्ण दिवस आणि त्याला जोडून एक रात्र द्यावी, असे एक कारण अलीकडे निर्माण झाले आहे. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी मोढेरा हे चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे देशातील पहिले गाव असल्याचे जाहीर केले. दिवसा सौरऊर्जेवर चालणे आता नवलाचे राहिलेले नाही. या घोषणेतला महत्त्वाचा शब्द ‘चोवीस तास’ हा आहे. सूर्य मावळल्यावर सूर्याचीच वीज कोठून येते, हा प्रश्न घेऊन मोढेऱ्यात उतरणाऱ्या प्रवाशाला हे गाव वेगळे दिसू लागते.

मंदिर पुष्पावती नदीच्या काठी, कर्कवृत्तापासून अगदी थोड्या अंतरावर उभे आहे. सोळंकी घराण्यातील पहिला भीमदेव याच्या राजवटीतील हे काम. गर्भगृहाच्या पश्चिम भिंतीतील एका दगडावर विक्रम संवत १०८३ असा उल्लेख आहे, म्हणजे इसवी सन १०२६-२७. तो दगड भिंतीत उलटा बसलेला आहे, त्यामुळे तो मूळ बांधणीचा की नंतरच्या दुरुस्तीचा याविषयी अभ्यासकांनी पुष्कळ विचार केला आहे. शिखर आज उरलेले नाही, गाभाऱ्यात मूर्ती नाही आणि पूजाही होत नाही. पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालील हिरवळीवर गर्भगृहासह गूढमंडप, बावन्न खांबांचा सभामंडप आणि त्यापुढे पूर्वेला विस्तीर्ण सूर्यकुंड, असा तीन भागांचा हा परिसर आहे. विषुवदिनाच्या सकाळी उगवत्या सूर्याचे किरण कुंडावरून, सभामंडपातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचावेत, अशी त्याची योजना सांगितली जाते.

सामान्यतः पाहणाऱ्याची नजर मंदिरावर खिळते. परंतु आजच्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याने प्रथम कुंडाकडे पाहावे. सुमारे १७६ फूट लांब आणि १२० फूट रुंद असे हे आयताकृती कुंड टप्प्याटप्प्याने खाली उतरत जाते. प्रत्येक टप्प्यावर लहान लहान पायऱ्यांचे त्रिकोणी समूह आणि अधूनमधून छोटी देवालये आहेत. पाऊस भरपूर झाला की वरच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. जसजसे वर्ष सरते तसतशा खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. पाणी कितीही खाली गेले तरी त्याच्यापर्यंत माणसाचे पाऊल पोहोचले पाहिजे, हा या रचनेमागचा विचार आहे. शिल्पांचे कौतुक बाजूला ठेवले तर हे चार महिन्यांच्या पावसाचे उरलेल्या आठ महिन्यांसाठी केलेले साठवण आहे आणि पायऱ्या या त्याच्या शिलकेच्या खुणा आहेत.

मोढेऱ्याच्या उत्तरेस असलेल्या पाटणमध्ये राणीची वाव आहे. ती याच भीमदेवाची राणी उदयमती हिने बांधविली, अशी परंपरा सांगते. जमिनीखाली सात मजले उतरणारी ही वाव २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि पुढे शंभर रुपयांच्या जांभळट नोटेच्या मागील बाजूवर आली. ज्या नोटा रोज गल्ल्यात मोजल्या जातात, त्यांच्यावर साठवणुकीचे हे चित्र आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. राजाच्या नावे सूर्याचे मंदिर आणि राणीच्या नावे पाण्याची वाव, असे या एका राजवटीचे दोन ठेवे आहेत. जे विपुल आहे ते विपुलतेच्या काळात धरून ठेवावे आणि टंचाईच्या काळात काढावे, हे या भूमीला हजार वर्षांपूर्वीच उमगले होते.

मोढ वणिक आणि मोढ ब्राह्मण हे समाज आपले मूळ याच गावाशी जोडतात. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचा जन्म धंधुक्यातील मोढ वणिक कुटुंबात झाला आणि महात्मा गांधींचे घराणेही मोढ वाणियांचेच. हिशेब चोख ठेवणाऱ्यांचे हे मूळ गाव. म्हणून येथील सूर्याच्या विजेचाही हिशेब जमा-नावे मांडूनच पाहणे उचित ठरेल.

मंदिराचा परिसर सोडून गावात शिरले की पहिल्या दृष्टीस पडतात ती छपरे. कौलांवर, पत्र्यांवर, गच्चीवर निळसर काळ्या पट्ट्या बसविलेल्या आहेत. तेराशेहून अधिक घरांवर प्रत्येकी एक किलोवॅटची संचे आहेत आणि त्यांचा खर्च शासनाने केला. गावापासून काही अंतरावर सुज्जनपुरा येथे बारा हेक्टर जमिनीवर सहा मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. आणि याच ठिकाणी, दुरून पाहता मालवाहू पेट्यांसारख्या दिसणाऱ्या रचनेत, पंधरा मेगावॅट-तास क्षमतेची बॅटरी आहे. संपूर्ण योजनेचा खर्च सुमारे ८० कोटी रुपये असून तो केंद्र आणि राज्य शासनाने निम्मा निम्मा उचलला.

एक मेगावॅट-तास म्हणजे एक हजार युनिट. तेव्हा ही बॅटरी म्हणजे पंधरा हजार युनिटांची तिजोरी होय. या तिजोरीचे कार्य समजायला कठीण नाही. सौर पट्टीवर पडलेल्या प्रकाशाची वीज ताबडतोब होते आणि ती ताबडतोब वापरावी लागते. तारेतून वाहणारी वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. साठवायची तर तिचे दुसऱ्या कशात तरी रूपांतर करावे लागते. लिथियम-आयन बॅटरीत हे रूपांतर रासायनिक असते. भरताना लिथियमचे भारित कण एका विद्युतध्रुवाकडून दुसऱ्याकडे जाऊन त्याच्या थरांत दडून बसतात. वापरताना ते परत येतात आणि त्या परतीच्या वाटेवर बाहेरच्या मंडलातून वीज मिळते.

कोणत्याही तिजोरीत ठेवलेला माल जसाच्या तसा परत मिळत नाही. बॅटरीत शंभर युनिट भरले तर सुमारे पंच्याऐंशी ते नव्वद परत येतात. बाकीचे उष्णतेच्या रूपाने जातात. ही घट म्हणजे साठवणुकीचे भाडे होय. दुसरा खर्च अधिक हळू आणि अधिक महाग आहे. प्रत्येक भरणीगणिक बॅटरीची क्षमता किंचित उतरते. व्यापाऱ्याच्या भाषेत तिला घसारा लागतो. दहा-पंधरा वर्षांनी ती बदलावी लागणार, हे गृहीत धरून ज्याने आजच तरतूद केली नाही, त्याचा ताळेबंद वरून सुंदर असला तरी आतून पोकळ असतो.

आता गावाची रोजकीर्द मांडून पाहता येईल. गुजरातच्या उन्हात एक किलोवॅट संचातून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांहून थोडी अधिक वीज मिळते. सहा मेगावॅटच्या प्रकल्पातून सुमारे पंचवीस हजार युनिट आणि छपरांवरून पाच हजार. म्हणजे स्वच्छ उन्हाच्या दिवसाची जमा साधारण तीस हजार युनिट. त्यातून पंधरा हजार बॅटरीत, उरलेले दिवसाच्या वापरासाठी आणि शिलकी वीज वाहिनीतून राज्याच्या जाळ्यात.

नावेची बाजू रात्रीची. पंधरा हजार युनिट तेराशे घरांत वाटले तर प्रत्येक घराच्या वाट्याला रात्रीपुरते सुमारे साडेअकरा युनिट येतात. दोन पंखे रात्रभर, चार एलईडी दिवे झोपेपर्यंत, दूरदर्शन संच तीन तास आणि एक शीतकपाट, एवढ्याला रात्री अडीच युनिटांच्या आसपास वीज लागते. हा हिशेब पाहिला तर तिजोरी भरपूर आहे, मंदिराची रोषणाई आणि रस्त्यांचे दिवेही त्यात भागतात. परंतु त्याच घरात दीड टनाचे एक वातानुकूलन यंत्र आठ तास चालले की आठ ते दहा युनिट एकट्याने जातात. प्रत्येक घरी असे एक यंत्र आले तर तिजोरी पहाटेपूर्वी रिकामी होईल. घरी दोन आली तर मध्यरात्रीच. बॅटरी तीच, सूर्य तोच, गाव तेच. फरक केवळ रात्रीच्या गरजेचा.

खर्चाचा हिशेबही एकदा करावा. ८० कोटींना तेराशे घरांनी भागले की दर घरामागे सहा लाखांहून अधिक रक्कम येते. यात सहा मेगावॅटचा प्रकल्प आहे, बॅटरी आहे, शिलकी विजेचे उत्पन्नही आहे. म्हणून हा आकडा घराच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. परंतु शासनाच्या अनुदानाविना दुसरे कोणतेही खेडे हा मार्ग २०२२ च्या किमतीत धरू शकले नसते, हे मान्य करावे लागते. त्यानंतर बॅटरीच्या किमती वेगाने उतरल्या आहेत आणि देशातील मोठ्या सौर प्रकल्पांच्या निविदांतही आता बॅटरीची अट दिसू लागली आहे. बेचराजीजवळ हंसलपूर आहे. तेथे मोटारींच्या कारखान्याशेजारीच लिथियम-आयन बॅटऱ्या तयार होतात. ज्या गावाने तिजोरी बसविली, त्याच्या शेजारी तिजोऱ्या घडविणारा कारखाना असावा, हा योगायोगही बोलका आहे.

आणखी एक गोष्ट मोढेऱ्याच्या हिशेबात प्रामाणिकपणे नोंदवावी लागते. आषाढ-श्रावणात आभाळ सलग तीन-चार दिवस भरून राहिले तर जमेची बाजूच आखडते. बॅटरी एका रात्रीपुरती आहे, ऋतूपुरती नाही. कुंडाने आठ महिन्यांचे पाणी धरले. ही बॅटरी फार तर सकाळपर्यंतची वीज धरते. अशा दिवसांत गावाला राज्याच्या वीजजाळ्याचाच आधार राहतो आणि उन्हाच्या दिवसांत दिलेल्या शिलकी विजेतून तो फिटतो. ‘चोवीस तास सौर’ याचा अर्थ प्रत्येक क्षणी सूर्याची वीज असा न घेता, वर्षअखेर खात्यात सूर्याची बाजू जमेत राहणे असा घेतला, तर घोषणा आणि वास्तव यांचा मेळ बसतो. बॅटरी हे चालू खाते आहे. कुंडासारखी मुदत ठेव विजेच्या बाबतीत अजून कोणालाही स्वस्तात साधलेली नाही.

संध्याकाळी प्रवाशाने पुन्हा कुंडाकडे यावे. मंदिर पूर्वाभिमुख असल्याने कुंडाच्या पूर्वेकडील पायऱ्यांवर बसणाऱ्याला सूर्य मंदिराच्या पाठीमागे मावळताना दिसतो. सभामंडपाचे खांब आधी सोनेरी, मग तांबूस, मग काळे होतात. पोपटांचे थवे झाडांवर उतरतात. जरा वेळाने दिवे लागतात आणि मंदिराच्या इतिहासाचे प्रकाशचित्रण दगडांवर उमटू लागते. तेही दिवसा साठविलेल्या सौर विजेवर चालते, असे सांगितले जाते. ज्या सूर्याची मूर्ती गाभाऱ्यात नाही, त्याचेच ऊन दिव्यांतून त्याच्या मंदिरावर पडते. क्षणभर मन शांत होते.

परंतु हाच क्षण देशाच्या वीजव्यवस्थेच्या दृष्टीने सर्वांत कठीण असतो. सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, दूरदर्शन, पाण्याचे पंप, दुकानांच्या पाट्या एकदम सुरू होतात. दुपारी जाळ्यात ओतणारी सौरवीज तासाभरात शून्यावर येते आणि मागणी मात्र चढत असते. जानेवारी २०२५ अखेर देशाच्या सौर क्षमतेने शंभर गिगावॅटचा टप्पा ओलांडला. तरीही वर्षभरात वापरलेल्या विजेचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग कोळशातूनच येतो. दुपारच्या उन्हाला रात्रीपर्यंत नेणारी साठवण मोठ्या प्रमाणावर झाल्याखेरीज दुपारी सूर्य आणि रात्री कोळसा, अशी ही दुहेरी नोंद चालूच राहील.

दुसऱ्या दिवशी मेहसाण्याहून उत्तरेकडे जाणारी गाडी पालनपूरमार्गे दोन-अडीच तासांत आबू रोडला पोहोचविते. देलवाड्याच्या मंदिरांसाठी वर चढणाऱ्या यात्रेकरूंचे हे परिचित स्थानक आहे. येथेही भीमदेवाचाच काळ भेटतो. त्याचा दंडनायक विमलशाह याने १०३१ मध्ये उभारलेली विमलवसही मोढेऱ्याच्या मंदिराहून अवघी चार-पाच वर्षे धाकटी. एका राजवटीत एकीकडे पिवळसर वालुकाश्मात सूर्याचे मंदिर उभे राहिले आणि दुसरीकडे शुभ्र संगमरवरात आदिनाथांचे.

यात्रेकरू सहसा स्थानकातून थेट डोंगराकडे वळतो. पायथ्याशी तलहटीच्या बाजूला ब्रह्माकुमारी संस्थेच्या शांतिवन परिसराजवळ ‘इंडिया वन’ नावाचा सौर औष्णिक प्रकल्प आहे. २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या या प्रकल्पात साठवणुकीची रीत मोढेऱ्याहून पूर्णतः निराळी आहे. येथे सौर पट्ट्या नाहीत, आरसे आहेत. प्रत्येकी साठ चौरस मीटरचे ७७० अंतर्गोल परावर्तक सूर्याकडे तोंड करून ओळीने उभे आहेत. वुल्फगांग शेफलर यांनी विकसित केलेल्या रचनेचे हे परावर्तक दिवसभर सूर्यासोबत हळूहळू फिरतात, मात्र त्यांचा प्रकाश एकाच स्थिर बिंदूवर एकवटतो. त्या बिंदूवर ओतीव लोखंडाचा एक जाड गाभा ठेवलेला असतो. दिवसभर लोखंड तापत राहते. भोवती उष्णतारोधक आवरण असल्याने ती उष्णता टिकते. रात्री त्या गाभ्यातील नळ्यांतून पाणी सोडले की त्याची वाफ होते आणि वाफेवर एक मेगावॅटचे जनित्र फिरते. सोळा तासांची साठवण गृहीत धरून हा प्रकल्प आखलेला आहे.

तापलेल्या लोखंडात ऊन ठेवण्याची ही कल्पना ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. परंतु प्रत्येक गृहिणीला ती ठाऊक आहे. चुलीवरून उतरवलेला जाड तवा बराच वेळ गरम राहतो आणि शेवटची भाकरी त्या उष्णतेवरच शेकून निघते. लोखंडाला रासायनिक घसारा लागत नाही. आज तापले, रात्री निवाले, उद्या पुन्हा तापले. दहा वर्षांनी ते बदलावे लागत नाही. त्याची दुर्बलता दुसरीकडे आहे. उष्णतेपासून वीज करताना तिचा मोठा भाग वाया जातो आणि इतक्या आरशांना जागा, स्वच्छता आणि देखभाल लागते. पण जेथे मुळात वाफच हवी आहे, तेथे चित्र पालटते. या परिसरातील मोठ्या स्वयंपाकघरात शेफलर परावर्तकांच्या वाफेवर हजारोंचे अन्न शिजते. तेथे उष्णतेची वीज आणि विजेची पुन्हा उष्णता, असा दुहेरी वटाव द्यावा लागत नाही. जे ज्या रूपात हवे, ते त्याच रूपात साठवावे, हा धडा धर्मशाळा, भोजनालये आणि वाफेवर चालणाऱ्या लहान उद्योगांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

साठवणुकीची तिसरी रीत महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर येथे २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. कड्यावर एक जलाशय, पायथ्याशी दुसरा. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचे आणि महाग असताना खाली सोडून जनित्र फिरवायचे. शंभर युनिट खर्चून पाणी वर नेले तर खाली येताना पंच्याहत्तर ते ऐंशीच्या दरम्यान परत मिळतात. असे प्रकल्प आखले गेले तेव्हा रात्रीची वीज शिलकी असे आणि पाणी रात्री वर चढे. आता शिलकी वीज दुपारची आहे. घड्याळ उलटे फिरले आहे. सूर्याने बाजाराची वेळ बदलली आहे.

रसायन, उष्णता आणि उंचीवरचे पाणी, या तिन्ही रीतींत एक समान सूत्र आहे. प्रत्येकीत काही घट आहे, प्रत्येकीला जागा आणि भांडवल लागते आणि कोणतीही फुकट नाही. म्हणून साठवण किती मोठी असावी, या प्रश्नाआधी साठवायचे किती, हा प्रश्न येतो.

ज्या व्यापारी कुटुंबांच्या गच्चीवर, गोदामावर वा दुकानावर सौर संच बसले आहेत, त्यांना या प्रवासातून काही गोष्टी ताडून पाहता येतील. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि घरांची वीजदेयके खरोखरच उतरतात. परंतु यातील बहुतेक संचांना बॅटरी नसते. दिवसाची शिलकी वीज जाळ्यात जाते, रात्री जाळ्यातून परत घेतली जाते आणि देयकात वजावट होते. कागदावर ती आपलीच वीज असते. प्रत्यक्षात रात्री येते ती बहुतांशी कोळशाची. शिवाय असा साधा संच जाळ्याचा पुरवठा खंडित होताच स्वतःही बंद पडतो, कारण दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगाराच्या जिवाला त्याच्या विजेने धोका होऊ नये. छतावर सूर्य असूनही भर दुपारी घरात अंधार का, या अनेकांच्या तक्रारीचे उत्तर यात आहे.

बॅटरी घ्यावी की नाही, हा निर्णय ज्याने त्याने आपल्या गरजेनुसार करावा. त्याआधी मात्र एक बिनखर्चाची साठवण करता येते. ती म्हणजे काम दिवसाकडे सरकविणे. पाण्याची टाकी दुपारी भरली की ती टाकीच बॅटरी होते. पिठाची गिरणी, डाळमिल, तेलघाणी, इस्त्री, धुलाई ही कामे उन्हात उरकली की तेवढी वीज रात्री साठवावी लागत नाही. शीतगृहाचे तापमान दुपारी एखाद-दोन अंश खाली आणून ठेवले तर संध्याकाळी यंत्राला उसंत मिळते. केंद्र शासनाच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांतील वीज स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या वेळची महाग हे तत्त्व मान्य केले. १ एप्रिल २०२४ पासून दहा किलोवॅटहून अधिक मागणीच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी ते लागू करण्याचे ठरले. म्हणजे दिवसाचे काम दिवसा करणाऱ्याला आता दरातही सवलत आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची ज्या घरांत रीत आहे, त्यांच्या स्वयंपाकघरातील बरेचसे काम मागणीच्या त्या कठीण तासाआधीच संपलेले असते. ती रीत विजेसाठी सुरू झाली नव्हती, पण विजेच्या हिशेबात तिची नोंद जमेच्या बाजूलाच होते.

आबू रोडहून परतीच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला वाटेत पुन्हा मेहसाणा लागते. गाडी रात्रीची असेल तर खिडकीतून केवळ लांबवरचे दिवे दिसतात. त्यातील कोणता दिवा सूर्याच्या शिलकेवर जळतो आणि कोणता कोळशावर, हे पाहून ओळखता येत नाही. प्रकाश दोन्हींचा सारखाच. फरक खतावणीत असतो. मोढेऱ्याच्या कुंडात उतरताना प्रत्येक पायरीवर कळते की पाणी किती खाली गेले आहे आणि पुढचा पाऊस किती दूर आहे. विजेच्या तारेला अशा पायऱ्या नाहीत. बटण दाबले की दिवा लागतो आणि शिल्लक किती आहे, याची जाणीव होत नाही. एका गावाने तिजोरी बसवून ती जाणीव आणून देण्याचा आरंभ केला आहे. तिजोरी किती दिवस पुरेल, हे मात्र रात्री घरात कोणती बटणे दाबली जातात यावरच ठरेल.